हार्डनेस बरोबर, तरी जॉब मोडला कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचं फोर्जिंग (तापवून ठोकून घडवलेला भाग, म्हणजेच जॉब), केमिस्ट्री बरोबर, हार्डनेस ड्रॉइंगप्रमाणे, तरी प्रेसवर बाक काढताना एक जॉब काडकन मोडला. लॅबनं ग्रेन साइज (पोलाद ज्या बारीक स्फटिकांचं, म्हणजे ग्रेनचं, बनतं त्यांच्या आकाराचा नंबर) ३ दिली, ग्राहकाला ५ ते ८ हवी. दोन आकड्यांनी असं काय बिघडतं?

दोन आकडे वाटतात तेवढे लहान नाहीत. शंभरपट मोठं करून पाहिलं की एक चौरस इंचात ३ नंबरला ४ ग्रेन दिसतात, ५ ला १६, आणि ८ ला १२८. आकडा एकनं वाढला की ग्रेनची संख्या दुप्पट. म्हणजे तुमच्या जॉबमधला एकेक ग्रेन साधारण अष्टमांश मिलिमीटरचा आहे. पोलादासाठी हे धोंडेच.

आता ताकदीचं. धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर सगळेच्या सगळे एकदम सरकत नाहीत. सतरंजीला एक सुरकुती पाडून ती हातानं पुढे ढकलत न्यावी, तसं ते काम डिसलोकेशन (अणूंच्या रचनेतले रेषेसारखे दोष) करतात. ग्रेनच्या हद्दीपाशी अणूंच्या ओळींची दिशा बदलते, म्हणून ते तिथे अडकतात आणि मागे रांग लागते. दर्शनबारीत उभं राहिला असाल तर पुढचं सांगायला नको: रांग जितकी लांब, तितका सगळ्यात पुढच्यावर रेटा जास्त. मोठ्या ग्रेनमध्ये रांग लांब, त्यामुळे बाहेरून थोडा ताण दिला तरी शेजारचा ग्रेन सरकायला लागतो. बारीक ग्रेनमध्ये रांगच आखूड, ताण जास्त द्यावा लागतो.

हॉलनं १९५१ मध्ये आणि पेचनं १९५३ मध्ये हे सूत्रात बसवलं: यील्ड स्ट्रेंग्थ (धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) ग्रेनच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, अधिक एक स्थिरांक. माइल्ड स्टीलला नेहमीचे स्थिरांक घालून मी हिशेब करतो तो असा: ग्रेन ६४ मायक्रॉनचा असेल तर सुमारे १६० मेगापास्कल, १६ मायक्रॉनला २५५, ४ मायक्रॉनला ४४०. कार्बन तोच, मिश्रधातू तेच.

पण तुमच्या बाबतीत एवढ्यावर थांबलात तर फसाल. ईएन-८ मध्ये पर्लाइट (लोह आणि लोह-कार्बाइडच्या पातळ थरांची कडक रचना) भरपूर, आणि हार्डनेसचा बराचसा भार तोच उचलतो. म्हणून ग्रेन जाड झाला तरी हार्डनेसचा काटा फारसा हलत नाही आणि क्वालिटीवाला शिक्का मारून मोकळा होतो. खरा मार बसतो चिवटपणाला. तडा एका ग्रेनमधून सरळ जातो, हद्द आली की त्याला दिशा बदलावी लागते. बारीक ग्रेनमध्ये पावलोपावली वळण, जाड ग्रेनमध्ये मोकळा रस्ता. पोलादाची ताकद वाढवायच्या इतर बहुतेक उपायांत चिवटपणा गमवावा लागतो. ग्रेन बारीक केला तर दोन्ही वाढतात.

माझ्या पहिल्या नोकरीत रात्रपाळीला हातोडा बंद पडला. बिलेट (ठोकायचे पोलादाचे ठोकळे) भट्टीत साडेबाराशे अंशांना तीन तास पडून राहिले. सकाळी हातोडा सुरू झाल्यावर तेच ठोकले. हार्डनेस पास. महिन्याभरात तुकडे परत आले, मोडलेली बाजू खडीसाखरेसारखी चमकत होती. चांगल्या जॉबची तीच बाजू राखाडी, मऊसर दिसते. सूक्ष्मदर्शकाआधी डोळ्यांनी बघायची सवय मला तेव्हापासून लागली. पोलादात ॲल्युमिनियम असलं की त्याचं नायट्राइड ग्रेनना वाढू देत नाही, पण फार तापलं की तेच विरघळतं आणि मग ग्रेन सुसाट वाढतात.

बारीक ते नेहमी चांगलं, असंही नाही. जिथे धातू तापलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं ताण सोसतो, तिथे ग्रेनच्या हद्दीच हळूहळू सरकतात. म्हणून जेट इंजिनची काही पाती एकाच स्फटिकाची ओततात. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यातही ग्रेन मुद्दाम मोठे ठेवतात, पण ते चुंबकत्वासाठी.

आता तुमच्या लॉटचं. आधी भट्टीचा तक्ता काढा: तापमान किती होतं, जॉब आत किती वेळ होते, शेवटचा ठोका किती तापमानाला बसला. मग एक नमुना कापून पॉलिश करा आणि नायटल (ग्रेन उठून दिसावेत म्हणून लावायचं नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं द्रावण) लावण्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली धरा. ग्रेनच्या हद्दींवर ऑक्साइडचे काळे धागे दिसले तर ते पोलाद जळलं आहे. सगळा लॉट भंगारात, उष्णोपचारानं ते सुधारत नाही. धागे नसतील तर नुसतं जास्त तापलंय. ८५० अंशांच्या आसपास नीट नॉर्मलाइझ करा (तापवून मोकळ्या हवेत थंड करणं), जॉब एकावर एक न रचता, हवा खेळेल असे पसरून थंड होऊ द्या. मग ग्रेन साइज पुन्हा मोजा आणि या वेळी हार्डनेससोबत चार्पीही (लोलकाच्या फटक्यानं नमुना मोडून चिवटपणा मोजायची चाचणी) करून घ्या.