ताशी 80 अमेरिकी डॉलर: नोकरी सोडावी का?

प्रश्न: मी 41 वर्षांचा, कॅनडाचा नागरिक, ऑंटारिओत राहतो. सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणून वर्षाला 1,20,000 कॅनेडियन डॉलर पगार आहे. शिवाय कंपनी पेन्शनमध्ये पगाराच्या 5 टक्के घालते आणि औषधं-दातांचा विमा देते. ओहायोतल्या एका कंपनीने घरूनच सल्लागार म्हणून काम करण्याचा एक वर्षाचा करार देऊ केला आहे. ताशी 80 अमेरिकी डॉलर, आठवड्याला साधारण 30 तास, दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार रद्द होऊ शकतो. माझ्या हिशेबाने हे वर्षाला सव्वादोन लाख कॅनेडियन डॉलर होतात. मित्र म्हणतो, स्वतःची कंपनी काढ, कर वाचेल. पत्नी अर्धवेळ नोकरी करते. दीड वर्षात मॉर्गेजची (गृहकर्जाच्या कराराची) चालू मुदत संपते, तेव्हा मोठं घर घ्यायचा विचार आहे. आई-बाबांना सुपर व्हिसावर (आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर) बोलवायचंय. उडी मारावी का?

उत्तर: ताशी 80 डॉलर आणि हाच करार असेल तर मी नाही म्हणेन. 95 मिळाले आणि एक-दोन कलमं बदलून घेतलीत, तर हो.

आधी ते सव्वादोन लाख बाजूला ठेवू. आठवड्याला 40 तास आणि वर्षाचे 52 आठवडे धरले तरच तो आकडा येतो. करारात तास 30 आहेत, आणि सुट्ट्या, आजारपण, त्यांच्याकडून काम न येणारे दिवस धरून वर्षात 46 आठवडे बिल लागलं तरी चांगलं म्हणायचं. त्याचे झाले 1,10,400 अमेरिकी डॉलर. एका अमेरिकी डॉलरला 1.35 कॅनेडियन असा दर धरला तर जेमतेम 1,49,000.

यातून आज कंपनी गुपचूप भरते ते वजा करा. सीपीपीचा, म्हणजे कॅनडाच्या सरकारी पेन्शन योजनेचा, मालकाचा हिस्सा आता तुमच्या खिशातून जाईल. 2025च्या दराने कमाल वर्गणी भरणाऱ्याचा हा जादा भार सुमारे 4,430 डॉलर आहे, म्हणजे दोन्ही हिस्से मिळून 8,860. पेन्शनचे 6,000 गेले. कुटुंबाचा औषधं-दातांचा विमा स्वतः घेतलात तर 5,000 धरा. व्यावसायिक दायित्वाचा विमा, अकाउंटंट, लॅपटॉप, सॉफ्टवेअर मिळून 4,500. एकूण वीस हजार. हाती उरले 1,29,000 आणि आजचा पगार आहे 1,20,000. घरातल्या ऑफिसचा खर्च वजा करता येतो, सीपीपीच्या मालकाच्या हिश्श्याचीही वजावट मिळते, त्यामुळे चित्र जरा बरं होतं. पण करापूर्वीचा मूळ फायदा नऊ हजारांचा आहे, लाखाचा नाही. आठवड्याचे दहा तास मोकळे होतात हे मात्र मी कमी लेखत नाही. त्याकडे पुन्हा येतो.

हे नऊ हजारही डॉलरच्या दरावर उभे आहेत. दर 1.35 वरून 1.25 वर आला की तुमचे 11,000 डॉलर गेले, म्हणजे सगळा फायदा आणि वर थोडं. असं होत नाही म्हणणाऱ्यांसाठी सांगतो: 2007च्या सप्टेंबरात दोन्ही डॉलर बरोबरीला आले होते आणि 2016च्या जानेवारीत कॅनेडियन डॉलर 69 अमेरिकी सेंटांच्याही खाली गेला होता. दर पुढे कुठे जाईल यावर मी पैज लावत नाही, तुम्हीही लावू नका. घराचा हप्ता कॅनेडियन डॉलरमध्ये आहे, म्हणून बिलाचे पैसे आले की महिन्याच्या खर्चापुरते लगेच बदलून घ्यायचे. ते करताना बँक दरात किती कापते ते आधी विचारा. नेहमीच्या खात्यातून बदलताना दोनअडीच टक्के सहज जातात आणि ते बिलावर कुठे दिसत नाहीत.

अमेरिकेत कर भरावा लागेल का, ही भीती बहुतेकांना असते. तुमच्या बाबतीत ती मोठी नाही. तुम्ही कॅनडाचे रहिवासी आहात, काम कॅनडात बसून करता आणि अमेरिकेत तुमचं कायमचं कार्यस्थान (ऑफिससारखी ठरलेली जागा) नाही, त्यामुळे दोन देशांमधल्या कर-कराराप्रमाणे व्यवसायाच्या नफ्यावर कर कॅनडातच लागतो. ओहायोवाले डब्ल्यू-9 हा फॉर्म पाठवतील, कारण त्यांच्याकडे सगळ्यांना तोच जातो. त्यावर सही करू नका, तो अमेरिकी व्यक्तींसाठी आहे. तुम्ही द्यायचा तो डब्ल्यू-8बेन. तो सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो.

हे सगळं बदलतं ते तुम्ही सीमा ओलांडून तिकडे काम करू लागलात की. बैठकीला जाऊन येणं वेगळं आणि त्यांच्या ऑफिसात बसून आठवडाभर कोड लिहिणं वेगळं. दुसऱ्यासाठी व्हिसाचा प्रश्न येतो, ती कमाई अमेरिकेतली ठरते, आणि तिथली सगळी राज्यं हा कर-करार मानतातच असं नाही. म्हणून काम कॅनडातूनच होईल हे करारात लिहून घ्या. आणि हो, तुमच्याकडे ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी नागरिकत्व असेल तर वरचा परिच्छेद विसरा आणि मला पुन्हा लिहा.

एचएसटीबाबत, म्हणजे इथल्या विक्रीकराबाबत, गैरसमज फार आहे. ग्राहक परदेशी, मग नोंदणी कशाला, असं लोक म्हणतात. लागोपाठच्या चार तिमाहींत उलाढाल 30,000 डॉलरच्या वर गेली की नोंदणी करावीच लागते, आणि शून्य दराने केलेली निर्यातही त्या उलाढालीत मोजली जाते. तुमच्या बिलावर कर शून्य राहील. उलट लॅपटॉपवर आणि अकाउंटंटच्या बिलावर भरलेला एचएसटी परत मिळेल.

मित्राच्या कंपनीच्या सल्ल्यावर मात्र मी जरा कडक बोलणार आहे. एकच ग्राहक, त्यांनी सांगितलेले तास, त्यांनी सांगितलेलं काम, अशी परिस्थिती असेल तर सीआरए (कॅनडाचा कर विभाग) विचारते की मधली कंपनी काढून टाकली तर हा माणूस नोकरदारच नाही का? उत्तर हो आलं तर तुमची कंपनी ‘पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस’ ठरते. मग छोट्या उद्योगाचा 12.2 टक्क्यांचा दर जातो आणि ऑंटारिओत 44.5 टक्के लागतो (दोन्ही दर 2025चे). बहुतेक खर्चांची वजावटही हातची जाते. कर वाचवायला निघालेला माणूस नोकरीपेक्षा जास्त कर भरतो. शिवाय कंपनीचा फायदा पैसे कंपनीतच ठेवता आले तर. तुम्ही सगळी कमाई घरात वापरणार आहात. पहिलं वर्ष स्वतःच्या नावावर काम करा, दुसरा ग्राहक मिळाला की पुन्हा बोलू.

दुसरा ग्राहक हवाच, आणि त्यामागे अमेरिकेतलं एक कारण आहे. 2022पासून तिथल्या कंपन्यांना परदेशात करून घेतलेल्या सॉफ्टवेअर विकासाचा खर्च 15 वर्षांत विभागून वजा करावा लागतो. 2025च्या कायद्याने देशात होणाऱ्या कामाला लगेच वजावटीची सवलत परत दिली, परदेशातल्या कामाला दिली नाही. उद्या खर्च कापायची वेळ आली तर त्यांचा हिशेबनीस तुमच्या नावाकडे आधी बोट दाखवेल. तिथे तुमच्या हातात दोन आठवड्यांची सूचना, आणि स्वतंत्र व्यावसायिकाला काम गेलं म्हणून इआयची (सरकारी बेरोजगारी विम्याची) नेहमीची भरपाई मिळत नाही. ते मोकळे दहा तास म्हणून दुसरा ग्राहक शोधण्यासाठीच राखून ठेवा.

आता त्यांच्याशी काय बोलायचं ते. ताशी 95 मागा. त्या दराने त्याच तासांचे 1,31,100 अमेरिकी डॉलर होतात. डॉलर 1.25 ला घसरला तरी खर्च वजा जाता 1,44,000च्या आसपास कॅनेडियन उरतात, म्हणजे धोका पत्करल्याचा काहीतरी मोबदला. मागायला संकोच नको. पगारी माणसामागे ते पेरोल कराचे (पगारावर मालकाने भरायच्या कराचे) 7.65 टक्के आणि आरोग्य विमा भरतात, तुमच्यामागे काहीच नाही. सूचनेचा काळ 60 दिवस करून घ्या आणि बिल 30 दिवसांत चुकतं करण्याचं कलम घाला. दायित्वाचा विमा घेताना अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल होणारे दावे त्यात येतात का ते लेखी विचारा. कित्येक पॉलिसी कॅनडापुरत्याच असतात.

नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या. नंतर प्रत्येक बिलाचा एक तृतीयांश वेगळ्या खात्यात टाका, त्याला हात लावायचा नाही. बिलातून कोणी कर कापत नाही आणि पहिल्या वर्षी कराचे आगाऊ हप्तेही सहसा लागत नाहीत, त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये कर आणि सीपीपीची सगळी रक्कम एकदम समोर येते. विवरणपत्राची मुदत 15 जून असली तरी पैसे 30 एप्रिललाच द्यायचे असतात, त्यानंतर व्याज सुरू होतं. आरआरएसपीची (कर-सवलतीच्या निवृत्ती बचत खात्याची) मर्यादा आदल्या वर्षीच्या कमाईच्या 18 टक्के आहे आणि तुमचा निव्वळ नफा त्यात धरला जातो, तेव्हा पेन्शनची जागा भरून काढायला वाव आहे.

घराचं सांगायचं तर मोठं घर घ्यायचंच असेल तर नोकरीत असताना घ्या. नव्या मॉर्गेजसाठी स्वतंत्र व्यावसायिकाकडे बँका साधारण दोन वर्षांच्या असेसमेंटच्या नोटिसा (विवरणपत्र तपासून कर विभाग पाठवतो त्या) मागतात, आणि दीड वर्षात तुमच्याकडे जेमतेम एक असेल. त्याच बँकेत आहे तेच कर्ज पुढे चालू ठेवायला सहसा अडचण येत नाही. सुपर व्हिसाचंही असंच आहे. किती उत्पन्न हवं हे ठरवताना कुटुंबातल्या सगळ्यांबरोबर आई-बाबाही मोजले जातात आणि उत्पन्न पाहिलं जातं ते खर्च वजा केल्यानंतरचं. दोघांचा अर्ज याच वर्षी, पगाराच्या कागदपत्रांवर करून टाका. ओहायोच्या करारावर सही त्यानंतर.