पोटावर जुना टाका नाही, हर्निया नाही, तरी आतडं अडकलं. कारण न कळता पोट उघडावं का?

तुम्ही विचारलंय की आईचं वय 74, पोटाचं आजवर एकही ऑपरेशन नाही, जांघेत हर्निया नाही, तरी छोटं आतडं अडकलंय. डॉक्टर म्हणतात सीटी करू, गरज पडली तर पोट उघडू. अडथळा कशाचा ते ठाऊक नसताना पोट उघडणं योग्य आहे का?

योग्य आहे. अडथळा कशाचा ते आत गेल्यावर कळलं तरी भागतं. आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत आहे की तुटत चाललाय, हे मात्र आधीच कळायला हवं, आणि सीटी मुख्यतः त्यासाठी असतं.

खरं तर 'एकही ऑपरेशन नाही' हे तुमचं वाक्य वाचून मी लिहायला बसले. जुना टाका असलेल्या पोटात आतडी बहुधा चिकटलेल्या पदरांनी अडकतात, आणि नाकातून नळी, सलाईन, पोटाला विश्रांती एवढ्यावर त्यातली बरीच सुटतात. टाका नसलेल्या पोटाला तो हिशेब डोळे झाकून लावणं मला मान्य नाही. का, ते सांगते.

मी सर्जरीची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट असताना एक आजी आल्या. ऐंशीच्या आसपास वय, वजन 36 किलो, पाच बाळंतपणं झालेली. तीन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, एक्स-रेमध्ये पाण्याच्या पातळ्या स्पष्ट. टाका नाही. दोन्ही जांघा मी दोनदा चाचपल्या, काही लागलं नाही. आजी पोटाबद्दल कमी आणि उजव्या गुडघ्याबद्दलच जास्त बोलत होत्या. गुडघ्याखाली चादरीची घडी घेऊन पाय दुमडून पडून होत्या. लघवीची नळी घालायला सिस्टरनी तो पाय सरळ करून बाजूला नेला तशा त्या कळवळल्या आणि हात मांडीच्या आतल्या बाजूला गेला. पाय परत दुमडला की शांत.

मी केसपेपरवर लिहिलं, 'उजव्या मांडीच्या आतून गुडघ्यापर्यंत कळ, पाय सरळ केल्यास वाढते.' सकाळच्या राउंडला युनिटच्या सरांनी त्या ओळीवर पेनने आडवी रेघ मारली. म्हणाले, "पोटाच्या पेशंटच्या कागदावर गुडघा कशाला? ऑर्थोला दाखव." त्यात आजींना सकाळी थोडी शौचाला झाली होती, म्हणून 'अडथळा अर्धवट आहे, थांबू' असं ठरलं. सीटी करू या का, असं मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि ते मला आजही बोचतं.

दोन दिवसांनी रात्री नाडी 130 वर गेली, ताप आला, पोट दगडासारखं झालं. पोट उघडलं. फुगलेलं आतडं हाताने पुढे पुढे सरकवत गेलो तर ते उजवीकडे कटीच्या तळाशी, हाडातल्या ऑब्ट्युरेटर नावाच्या भोकात शिरलेलं. सरांनी ओढलं, ते सुटलं, आणि अडकलेल्या जागी रुपयाएवढा काळा डाग फाटून मळ पोटात सांडला. आतड्याची अख्खी नळी अडकलीच नव्हती, भिंतीचा फक्त एक चिमटा भोकात गेला होता. म्हणून शौचाला होत होती. आणि त्याच भोकातून मांडीच्या आतल्या बाजूची नस जाते, तिच्यावर दाब आला की गुडघ्यापर्यंत कळ जाते. पाय मागे किंवा बाजूला नेला, आत वळवला की वाढते, दुमडला की कमी होते. हाउशिप आणि रॉम्बर्ग या दोघांनी हे 19व्या शतकातच लिहून ठेवलंय.

काळा भाग कापून जोड दिला, भोक टाक्यांनी बंद केलं. पाचव्या दिवशी आजी गेल्या. मृत्यूंच्या मासिक बैठकीत सर म्हणाले, "दुर्मिळ कारण होतं, कुणालाच सापडलं नसतं."

सापडलं होतं. कागदावर होतं, रेघेखाली.

ऑब्ट्युरेटर हर्निया सगळ्या हर्नियांत शंभरात एकही नसतो, हे खरं. पण अतिशय बारीक, म्हाताऱ्या, बऱ्याच बाळंतपणांच्या बाईचं टाका नसलेलं पोट अडकलं, तर माझ्या लेखी तो पहिल्या तीन नावांत येतो. चरबी झिजल्याने ते भोक मोकळं पडतं. जांघ चाचपून तो कळत नाही, सीटीत दिसतो. 'दुर्मिळ' हा शब्द मी माझ्या युनिटमध्ये कारण म्हणून चालू देत नाही.

पुढे दुसरी एक पेशंट आली. उलट्या दोन दिवस, मग एक दिवस बरं, मग परत. आधीच्या डॉक्टरांनी 'सुटतंय' असं लिहिलेलं. सुटत नव्हतं, पित्ताचा खडा आतड्यातून गडगडत पुढे चालला होता. पित्ताशयाची भिंत झिजून मोठा खडा आतड्यात पडतो आणि बहुधा छोट्या आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात येऊन बसतो. पित्तनलिकेत हवा, फुगलेलं आतडं आणि भलत्या जागी खडा, ही तिकडी रिगलर यांनी 1941 मध्ये सांगितली. तिच्या सीटीत तिन्ही होतं. खडा 3 सेंटीमीटरचा. जिथे रुतला तिथे चीर द्यायची नाही, तिथली भिंत सुजलेली असते. हलकेच मागे सरकवून निरोगी भागात उभी चीर द्यायची, खडा काढायचा आणि चीर आडवी शिवायची, म्हणजे नळी अरुंद होत नाही. मग सगळ्या आतड्यावरून बोटं फिरवायची, कारण कधी कधी मागून दुसरा खडा येत असतो. थकलेल्या पेशंटमध्ये त्याच वेळी पित्ताशयाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. ती दहाव्या दिवशी घरी गेली.

मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलं असेल तर टोकाशी बहुतेकदा गाठ असते, म्हणून लहान मुलांसारखं नुसतं सोडवून भागत नाही, तो भाग काढावा लागतो. न पचलेल्या तंतूंचे गोळे, मेकलची पिशवी (छोट्या आतड्याला जन्मापासून असलेला फुगवटा), क्षयाने आकसलेलं आतडं, आतड्यांभोवती कोशासारखं पांढरं आवरण, अशी अजून बरीच कारणं आहेत. सगळ्यांवर लिहीत बसत नाही.

आता तुमच्या आईबद्दल. मी त्यांना तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचं मत माझ्या वर. टाका नसलेल्या पोटातही जन्मजात पट्टे किंवा जुन्या सुजेचे चिकटलेले पदर निघतात, आणि ताप नाही, पोट मऊ आहे, सीटी बरं आहे, तर नळी घालून वाट पाहणं चूक नाही. एक्स-रेत दिसणारं आयोडीनचं औषध नळीतून देऊन ते 24 तासांत मोठ्या आतड्यात पोचतं का, हेही बघतात. पण येणारी-जाणारी कळ सतत राहू लागली, नाडी वाढली, पोट हात लावल्यावर दुखू लागलं, किंवा सीटीत आतड्याचं वेटोळं दोन्ही टोकांना बंद दिसलं, तर मग कारणाची वाट पाहू नका. मांडीची कळ ऑब्ट्युरेटरच्या प्रत्येक पेशंटला असतेच असंही नाही, म्हणून ती नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

डॉक्टरांना विचारा की फुगलेलं आतडं नेमकं कुठे बारीक होतंय, आणि रक्तपुरवठा कसा दिसतोय. स्कॅन मांडीच्या वरच्या भागापर्यंत घ्यायला सांगा. आईला पोटाशिवाय आणखी कुठे दुखत असेल तर तेही सांगा, आणि ते कागदावर लिहिलं गेलं का ते स्वतः बघा. त्या पाय दुमडून झोपल्या आहेत का, एवढं मला इथे कळवा.