आहे त्यात समाधान मानायचं, पण मन मानत नाही

ताई,

मी चोपन्न वर्षांची, साताऱ्यात राहते. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. गणपती, दिवाळी, उन्हाळ्याची सुट्टी, लोक फिरायला निघाले की यांना जादा गाड्यांची ड्युटी. त्यामुळे आम्ही दोघं मिळून कुठे गेलोच नाही. ‘रिटायर झालो की लडाखला जाऊ. गाडी दुसरा चालवेल, मी तुझ्या शेजारी खिडकीत बसेन,’ असं ते नेहमी म्हणायचे. रिटायर झाले आणि सात महिन्यांत पॅरालिसिसचा झटका आला. त्याला दोन वर्षं झाली. उजवी बाजू अधू आहे, काठी घेऊन हळूहळू चालतात, बोलताना अडखळतात. बाकी तब्येत स्थिर आहे असं डॉक्टर म्हणतात.

जो येतो तो म्हणतो, जीव वाचला, देवाचे आभार मान. मी रोज मानते हो. पण मैत्रिणींच्या ग्रुपवर काश्मीरचे फोटो आले की रडू फुटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते. सुनेने एक डायरी दिली, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला. चार दिवस लिहिलं: हे बरे आहेत, मुलगा-सून पुण्यात सुखात आहेत, डोक्यावर कर्ज नाही. पाचव्या दिवशी तेच तेच लिहवेना. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच घर, तेच मशीन, त्याच गोळ्या. मी कृतघ्न आहे का? मन कसं वळवू?

— एक सातारकर

मैत्रिणी,

तुम्ही कृतघ्न नाही. नवऱ्याचा जीव वाचला याचा आनंद खरा आहे आणि इतकी वर्षं मनात धरलेली सहल हातची गेली याचं दुःखही खरं आहे. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. ‘आभार मान’ म्हणणारी माणसं वाईट नसतात, पण समोरची बाई रडायला लागली की त्यांना काय बोलावं सुचत नाही, म्हणून ती घाईघाईने तुम्हाला समाधानाकडे ढकलतात. तुम्ही घाई करू नका. लडाखसाठी रडायचं असेल तर रडा. मैत्रिणींचा ग्रुप महिनाभर म्यूट करा, कुणाला कारण सांगायची गरज नाही.

पण एक मात्र पाहा. रडू रोजचंच झालं असेल, झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल तर डॉक्टरांशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे फुकट बोलता येतं. पॅरालिसिसनंतर रुग्णालाही बरेचदा नैराश्य येतं, त्यामुळे यजमान गप्प गप्प असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता डायरी. सुनेने मायेने दिली आणि कल्पना वाईट नाही. तुम्हाला कंटाळा आला यातही नवल नाही. अमेरिकेत सोन्या ल्युबोमिर्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही लोकांना आपल्या आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. काहींनी आठवड्यातून एकदा लिहिल्या, काहींनी तीनदा. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना बरं वाटू लागलं, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. मला हे अगदी पटतं. ‘हे बरे आहेत’ हे वाक्य रोज लिहिलं की त्यातला जीव जातो आणि उरतो नुसता गृहपाठ.

माझं म्हणणं असं की तुम्हाला मन वळवायची गरजच नाही. गरज आहे ती नवं काही घडण्याची. घरात दोन वर्षांत नवं काही घडलेलंच नाही, मग आभार तरी कशाकशाचे मानणार? आधी कुतूहल जागं होऊ द्या, कुठे तरी जा, काही तरी पाहा, काही तरी विचारा. मनापासूनचे आभार त्यामागून आपोआप येतात, ते आधी उगवत नाहीत. आणि या कामी तुमच्या घरात एक असा माणूस आहे, ज्याच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

तुमचे यजमान. तुमच्या पत्रात ते पेशंट आहेत. त्यांना वेळेवर गोळ्या द्यायच्या, चालताना हात धरायचा, पडू द्यायचं नाही. पण ज्याने आयुष्यभर पसरणीचा घाट, खंबाटकी, कुंभार्ली रात्री-अपरात्री, धुक्यात, पावसात उतरवली, पन्नास माणसं मागे निवांत झोपली आहेत आणि आपण जागं राहायचं अशी ज्याची नोकरी, त्याच्या पोटात केवढे रस्ते असतील! ते त्यांनी तुम्हाला कधी सांगितले का? तुम्ही विचारले का? तीस-तीस वर्षं संसार केलेल्या बायकांनाही नवऱ्याची ड्युटी म्हणजे डबा आणि येण्याची वेळ एवढंच ठाऊक असतं. यात दोष कुणाचा नाही. दमून आलेला माणूस बोलत नाही आणि दमलेली बाई विचारत नाही.

तर ती डायरी घ्या आणि तिच्यात त्यांचे मार्ग लिहायला लागा. रोज नको, आठवड्यातून एक दिवस ठरवा. एका दिवशी एकच मार्ग. गाडी किती वाजता लागायची, कंडक्टर कोण, कुठल्या थांब्यावर कोण चढायचं, चहा कुठला चांगला. मुक्कामी गाडी असली की खेड्यात रात्री कुठे झोपायचे, गाडीतच की देवळात, भाकरी कोण आणून द्यायचं. घाटात ब्रेक तापले, दरड आली, कुणाला कळा सुरू झाल्या तेव्हा काय केलं. त्यांचं बोलणं अडखळतं, म्हणून एका मार्गाला तासभर लागेल. लागू दे. मात्र त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. शब्द अडकला की आपण मायेपोटी पटकन तो पुरवतो आणि त्यांच्या हातातून तेवढंही काढून घेतो. थांबा. हाताने दाखवू द्या, कागदावर नकाशा काढू द्या, डाव्या हाताने वेडावाकडा आला तरी चालेल. एखाद्या मुक्कामाच्या गावात भाकरी देणारी म्हातारी किंवा तिचा मुलगा अजून असेल, तर नंबर मिळवा आणि फोन लावून द्या. देवाचे आभार तुम्ही रोज मानता, आता या माणसांचेही मानून बघा, तोंडावर, नाव घेऊन.

त्यानंतर बाहेर पडा. लडाख सध्या बाजूला ठेवू, साताऱ्यात राहून तुम्ही दोघांनी एकत्र काय पाहिलंय? संगम माहुलीला रिक्षाने जाता येतं. कृष्णा-वेण्णेचा संगम, काठावरची देवळं, शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, वर सावलीत बसायचं. दुसरं ठिकाण लिंबगावची बारामोटेची विहीर, हमरस्त्यापासून आत. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही अष्टकोनी विहीर, आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल! आमराईला पाणी मिळावं म्हणून बांधली असं सांगतात. तिथे यजमानांनी वरच थांबायचं आणि तुम्ही खाली उतरून, पाहून, वर येऊन त्यांना सांगायचं. यातही गंमत आहे: आजवर ते बाहेरून यायचे आणि तुम्ही घरी असायचात.

पण मला सगळ्यात आवडेल ती बामणोलीची एसटी. यवतेश्वराचा घाट चढून, कासच्या पठारावरून, खाली कोयनेच्या शिवसागर जलाशयापर्यंत ती जाते. चालायचं काहीच नाही, खिडकीत बसून राहायचं. शहराच्या नळाला ज्या कास तलावाचं पाणी येतं तो वाटेत लागतो. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर फुलं असतात, पण शनिवार-रविवारी गर्दीत अजिबात जाऊ नका. गाड्यांच्या वेळा आधी स्टँडवर विचारा, किंवा यजमानांच्या जुन्या सोबत्यांपैकी कुणाला तरी फोन करा, म्हणजे ते गाडीपर्यंत हाताला धरायलाही येतील. तुम्हाला २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. एसटीची पायरी उंच असते, तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून चढण्या-उतरण्याचा सराव करून घ्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. आणि कंडक्टरला सांगून ठेवा की हे नीट बसल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही. ‘मी तुझ्या शेजारी खिडकीत बसेन, गाडी दुसरा चालवेल’ असं ते म्हणाले होते ना? त्यातलं एवढं तर येत्या महिन्यात होऊ शकतं. कदाचित पहिल्या वळणावर त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात बघून. येऊ द्या. तुम्ही लडाखसाठी रडता तसं त्यांनाही कशासाठी तरी रडायचं असेल.

हे झालं दोघांचं. पण आठवड्यातले तीन तास फक्त तुमचे हवेत आणि या बाबतीत मी तुमचं काही ऐकणार नाही. मुलाला आजच फोन करा. पुणे-सातारा अंतर काही फार नाही. महिन्यातून दोन रविवार त्याने येऊन वडिलांजवळ बसायचं, ही मदत मागताना आवाज खाली करू नका. उरलेल्या आठवड्यांत शेजारी, दीर, जुना कंडक्टर मित्र, कुणीही. त्या तीन तासांत भाजी नको, बँक नको, अस्तराचं कापड आणायला जाणं नको. रोज जिथून जाता त्या राजपथावरून न जाता एखाद्या पेठेत कधी न शिरलेल्या बोळात शिरा. पहाटे अजिंक्यताऱ्यावर जा, मंगळाईचं दर्शन घ्या आणि आपलं घर वरून कुठे दिसतं ते शोधा. कॅलिफोर्नियात २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साठीच्या पुढच्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फिरायला सांगितलं होतं. त्यातल्या काहींना सांगितलं, वाटेत जे दिसेल ते पहिल्यांदाच पाहतोय अशा नजरेने बघा. प्रत्येक फेरीत सगळ्यांनी स्वतःचे फोटोही काढायचे होते. नव्या नजरेने बघणाऱ्यांच्या फोटोंत आठवड्यागणिक त्यांचा चेहरा लहान होत गेला, आजूबाजूचं जग जास्त दिसू लागलं आणि हसू रुंदावत गेलं. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण याला ना पैसे लागतात ना व्हिसा.

काही आठवडे काहीच होणार नाही. पाऊस येईल, ते नको म्हणतील, तुमची लग्नसराईची शिलाई तुंबेल. गेलेला आठवडा जाऊ द्या आणि पुढचा पकडा.

आता लडाख. ते यादीतून खोडू नका. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे त्यांना न्यावं की नाही हे त्यांचे डॉक्टरच सांगतील, आणि बहुधा नको म्हणतील. पण तुम्ही जाऊ शकता. बहिणीबरोबर, एखाद्या मैत्रिणीबरोबर, बायकांच्या सहलीबरोबर. दहा दिवस मुलाने आणि सुनेने घर सांभाळलं तर आभाळ कोसळत नाही. अशी कल्पना मनात येताच तुम्हाला अपराधी वाटेल हे मला माहीत आहे, म्हणून ती मनात लपवू नका, त्यांनाच सांगा. शिलाईच्या पैशातून दर महिन्याला थोडे बाजूला टाका. आणि वाट त्यांना ठरवू द्या: श्रीनगरकडून झोजिला ओलांडून जायचं, की मनालीकडून. श्रीनगरचा रस्ता हळूहळू उंची गाठतो म्हणून तो शरीराला सोसतो असं म्हणतात, पण घाटाच्या बाबतीत एसटीच्या ड्रायव्हरचं मत काय आहे ते आधी विचारा.

— तुमची ताई