फलाणा आणि फुलानो

प्रश्न : सर, मोबाईलवर स्पॅनिश शिकतेय. त्यात 'फुलानो' म्हणजे अमुकतमुक माणूस. आमची आजी गल्लीतल्या कुणालाही 'फलाणा' म्हणते. हा योगायोग का?
– एक वाचक, जालना

उत्तर : योगायोग कसला पोरी, एकाच घरची लेकरं ती. मूळ अरबी 'फुलान'. ७११ साली अरब आणि उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांच्या फौजा स्पेनात उतरल्या, तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रनाडा पडलं १४९२ला. एवढ्या काळात शब्द बाजारात, शेतात, माणसांच्या तोंडून गेले. आपल्याकडे ते फारसी-उर्दूच्या ओसरीवरून आले. १९४८पर्यंत निजामाची कचेरी उर्दूतच चालायची. माझे वडील परभणीला उर्दूतूनच शिकले.

पुण्यात बी.एड.ला गेलो तेव्हा खोलीचा 'किराया' विचारला, तर घरमालकीणबाई हसल्या. म्हणे, भाडं म्हणा! स्पेनमध्ये घरभाड्याला 'अल्किलेर' म्हणतात, ते अरबी 'अल-किरा'वरूनच. तेव्हा ठाऊक असतं तर दोन रुपये कमी करून घेतले असते.

यातला 'अल' पाहा. इंग्रजीत 'द' लागतो तसा तो अरबीत नामाआधी लागतो. स्पॅनिशनं तो शब्दासकट गिळला. आपला काझी फारसीतून आला म्हणून सुटा. तिकडचा 'अल्काल्दे' झाला आणि न्यायनिवाडा सोडून नगराध्यक्ष होऊन बसला. काही अक्षरांपुढं 'अल'चा ल विरतो, म्हणून 'अस्-सुक्कर'ची 'अथूकार', म्हणजे साखर. तिचं मूळ आपली शर्करा. 'नारांखा'ही आपलंच नारिंग, इराण-अरबस्तान फिरून गेलेलं. (तुमच्या जालन्याच्या मोसंबीचं नाव मात्र मोझांबिकवरून आलेलं.)

मला सगळ्यात गंमत वाटते ती 'दिवाण'ची. आपल्याकडे दिवाणखान्यात पाहुण्याला चहा मिळतो. स्पेनच्या 'आदुआना'त पेटी उघडून दाखवावी लागते. आदुआना म्हणजे सीमाशुल्काची कचेरी, शब्द मात्र तोच, 'अल' लागलेला दिवाण. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या गॅलिसियात अरबी सत्ता फार टिकली नाही, तरी तिथंही नारिंगाला 'लारांशा' आहे. सीमाशुल्काला मात्र गॅलिशियनमध्ये 'अल्फांदेगा', तेही अरबीच. मूळ 'फुन्दुक' म्हणजे सराई.

फुलानोच्या जोडीला स्पॅनिशमध्ये 'मेंगानो' येतो. आजी फलाण्याच्या पुढं काय लावते, तेवढं विचारून कळव.