टोमॅटोसाठी परदेशी भुंगे मागवावेत का?

प्रश्न: आमचं जुन्नर तालुक्यात पॉलीहाऊस आहे, चेरी टोमॅटो घेतो. फुलं भरपूर लागतात पण सेटिंग (फळधारणा) होत नाही, फुलगळ फार. मधपेटी ठेवून बघितली, माश्या टोमॅटोकडे ढुंकूनही बघत नाहीत. हॉलंडमध्ये बंबलबी नावाच्या केसाळ भुंग्यांच्या पेट्या ठेवतात असं व्हिडिओत बघितलं, तशा मागवता येतील का?

उत्तर: मधमाश्या येत नाहीत कारण टोमॅटोच्या फुलात मध नसतोच, आणि पराग असतो तो मधल्या त्या पिवळ्या नळीत कोंडलेला. बंबलबी काय करते, फुलाला खालून लटकते, नळी जबड्यात घट्ट धरते आणि पंख न हलवता नुसते पंखांचे स्नायू थरथरवते, मोठ्ठा गुंss आवाज येतो आणि पराग भसाभसा तिच्या पोटावर पडतो. चावल्याचा तपकिरी डाग नळीवर राहतो, तिकडचे शेतकरी तो डाग बघूनच ओळखतात की फुलाचं काम झालंय. १९८७ च्या सुमारास बेल्जियममध्ये या पेट्यांचा धंदा सुरू झाला, त्याआधी तिकडे माणसं व्हायब्रेटर घेऊन एकेक घड हलवत फिरायची.

पण मागवायचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत, नको. एक तर परवानगीशिवाय जिवंत कीटक देशात आणता येत नाहीत. दुसरं, ही थंड हवेतली केसाळ माशी आहे, आपल्याकडे ती हिमालयात सापडते, सह्याद्रीत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये पॉलीहाऊसमध्ये जे तापतं त्यात तिचं काही खरं नाही. आणि तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. चिलीने १९९७-९८ च्या सुमारास युरोपातली बंबलबी परागीभवनासाठी आणली, ती पेट्यांतून बाहेर पडली, जंगलात पसरली आणि २००६ पर्यंत अँडीज ओलांडून अर्जेंटिनात पोचली, ज्यांनी ती कधी मागवलीच नव्हती! तिकडची मूळची भगव्या रंगाची बंबलबी, जगातल्या सगळ्यात मोठ्या बंबलबींपैकी एक, ती जिथे जिथे ही नवी आली तिथून झपाट्याने नाहीशी होत गेली. खाण्यावरून स्पर्धा तर होतीच, पण सोबत आलेले रोगजंतू हेही मोठं कारण मानतात, तिकडच्या मूळ माश्यांच्या अंगातही नंतर असे परजीवी सापडले. आणि पिकाचा फायदा म्हणावा तर रास्पबेरीच्या एकेका फुलावर इतक्या वेळा येऊन बसल्या की फुलांचे नाजूक भाग तुटले आणि फळंच वेडीवाकडी झाली. जपानने तर २००६ मध्ये या माशीवर कायद्याने निर्बंध घातले.

मग करायचं काय? आधी तापमान मोजा, दिवसा ३५ अंशांच्या वर जात असेल तर परागच निकामी होतो, तिथे कुठलीच माशी कामाची नाही, आधी शेडनेट आणि हवा खेळती करा. मग सकाळी दव सुकल्यावर, साधारण दहा ते बारा, घडाच्या दांड्याला इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ टेकवायची किंवा झाडं बांधलेली तार हलवायची, एक दिवसाआड. मजुरी लागते हे मान्य, पण सेटिंग होतं. उघड्यावरच्या टोमॅटोला एवढं लागत नाही, वारा बरंच काम करतो.

आणि थरथर करून पराग काढणाऱ्या माश्या आपल्याकडेही आहेत बरं का. मोठा काळा भुंगा, आणि पोटावर निळे पट्टे असलेली ती चपळ माशी जी बांधाच्या मातीत नाहीतर मातीच्या भिंतीत बीळ करते. वांग्याच्या फुलावर सकाळी थांबून बघा, दिसतील. त्यांच्यासाठी बांधावरचं वाळकं लाकूड, जुने बांबू जाळू नका आणि फुलोऱ्यात सकाळची फवारणी टाळा. इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही कीटकनाशकं आपल्याकडे सर्रास मारतात, युरोपने २०१८ मध्ये उघड्या शेतात त्यांच्यावर बंदी आणली ती माश्यांसाठीच.

प्रश्न: आमच्या पुण्याच्या बाल्कनीत बांबूला काळा भुंगा गोल भोक पाडतोय, खाली भुसा पडतो. पाठ पिवळी आहे. ही बंबलबीच का? लहान मूल आहे घरात, मारावा का?

उत्तर: नाही नाही, मारू नका. हा वर सांगितलेल्या काळ्या भुंग्याचाच भाऊबंद, सुतार भुंगा. पोट बघा, चकचकीत आणि जवळजवळ बिनकेसाचं असतं, बंबलबीचं पोटही केसाळ असतं. तोंडासमोर येऊन घोंघावतो तो बहुतेक वेळा नर असतो आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण हातात पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. बाळाचा हात पोचणार नाही इतका तो बांबू वर टांगा, संध्याकाळी अंधार पडल्यावर, म्हणजे मादी आतच असेल. बाकी लाकडाला रंग किंवा व्हार्निश दिलंत की तिथे सहसा पोखरत नाहीत.