करंडक नाही मिळाला, मग वर्ष वाया गेलं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेल्या जूनपासून आमच्या कॉलेजच्या नाट्य मंडळाची लीडर होते. आता पुढच्या बॅचकडे सगळं सोपवायचंय. पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, आम्ही प्राथमिक फेरीतच बाहेर पडलो, फिरोदिया करंडक या दुसऱ्या कॉलेज स्पर्धेतही बक्षीस नाही. पण मला जास्त त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतोय. फर्स्ट इयरचा एक मुलगा होता, रोज सगळ्यात आधी यायचा, हॉल झाडून ठेवायचा, सगळ्यांचे डायलॉग पाठ, पण स्वतःची एन्ट्री आली की अडखळायचा. प्रयोगाला दहा दिवस उरले तेव्हा मी त्याला रोलमधून काढलं आणि तसा मेसेज रात्री साडेबाराला ग्रुपवर टाकला. तो दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही, मीही फोन केला नाही, कामं इतकी होती. आता कँटीनमध्ये दिसला की मीच रस्ता बदलते. शिवाय हिशोबात 4,300 रुपये जुळेनात ते मी माझ्या खिशातून भरलेत, घरी सांगितलं नाहीये. वर्षभर धावले आणि हातात काहीच नाही असं वाटतंय. माझं काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. करंडकावर तू एक ओळ लिहिलीस आणि त्या मुलावर निम्मं पत्र, म्हणजे तुझा खरा प्रश्न कुठे आहे ते तुलाही माहितीये.

तरी आधी करंडकाचं बोलून टाकते, ते लवकर संपेल. पुरुषोत्तम 1963 पासून चालू आहे, प्राथमिक फेरीत 50 च्या आसपास कॉलेजं असतात आणि अंतिम फेरीत जातात 9, म्हणजे दर वर्षी चाळीसेक कॉलेजांमधली मुलं भरत नाट्य मंदिराच्या, म्हणजे स्पर्धेच्या थिएटरच्या, बाहेर निकाल ऐकून गपचूप गाड्या काढतात. त्यांच्यातही चांगली नाटकं असतात गं. आणि 2022 ला तर अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी ठरवलं की करंडकाच्या पात्रतेची एकांकिका एकही नाही, कुणालाच दिला नाही करंडक, केवढी चर्चा झाली होती तेव्हा. मग त्या वर्षी ज्या ज्या मुलामुलींनी रात्री जागून नाटकं उभी केली त्या सगळ्यांचं वर्ष फुकट गेलं असं म्हणशील का तू? नाही ना म्हणणार? मग स्वतःच्या बाबतीतही म्हणू नकोस.

आता तो मुलगा. त्याला रोलमधून काढणं चूक होतं असं मला वाटत नाही. पुरुषोत्तममध्ये सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, नेपथ्य आणि लाइट्सच्या झगमगाटात एखादी कच्ची एन्ट्री झाकून नेता येत नाही, आणि दहा दिवस आधीही ज्याची एन्ट्री बसत नाहीये त्याला स्टेजवर ढकलणं हे त्याच्यावरही अन्यायच. लीडरला असे निर्णय घ्यावे लागतात, तू घेतलास, बरोबर केलंस. पण ग्रुपवर टाकलंस, रात्री साडेबाराला, तीसेक जण वाचत असताना, हे चुकलं. अठरा वर्षांचा मुलगा, बहुतेक पहिल्यांदाच घराबाहेर राहिलेला, त्याने तो मेसेज हॉस्टेलच्या खोलीत एकट्याने वाचला असेल आणि सकाळी त्याच तीस जणांसमोर तालमीला जायचं होतं त्याला. कसा येईल?

आणि त्याच्याकडे नीट बघितलं असतंस तर तुला दिसलं असतं की सगळ्यांचे डायलॉग पाठ असलेला माणूस म्हणजे सोन्यासारखा प्रॉम्प्टर, विंगेतून विसरलेली वाक्यं पुरवणारा, कदाचित दोन वर्षांनी चांगला दिग्दर्शक. मी हे इतक्या ठामपणे बोलतेय कारण माझ्याही हातून असंच झालंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी मीही कॉलेजच्या नाटकाची लीडर होते, आमच्यात एक मुलगी वर्षभर बॅकस्टेज करायची, लेव्हल्स, म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे, उचलायची, ब्लॅकआऊटमध्ये वीस सेकंदात घराचा अख्खा सेट हलवायची, आणि प्रयोगाआधी अनाऊन्समेंटला नावांचा जो कागद देतात त्यात तिचं नाव लिहायचं राहिलं माझ्याकडून. ती विंगेत उभी होती, तिने ऐकलं. काही बोलली नाही, प्रयोग नेहमीसारखाच चोख केला. मला हे तिने बारा वर्षांनी सांगितलं, एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलो होतो तेव्हा, आणि मला जेवण गेलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं माझं वर्ष भारी गेलं, आम्हाला तर बक्षीसही होतं!

तर तू बारा वर्षं थांबू नकोस. त्याला मेसेज करू नकोस, जाऊन भेट. "निर्णय माझा होता आणि तो मी तुला समोर बसवून सांगायला हवा होता, तसं केलं नाही, सॉरी," एवढंच बोल. पाठांतराचं, टेन्शनचं, सबमिशन्सचं काहीही सांगत बसू नकोस, ते सगळं खरं असलं तरी त्याला त्या वेळी ते नकोय. तो कदाचित नुसतं "ठीके" म्हणेल आणि निघून जाईल, जाऊ दे. पण नव्या लीडरला त्याचं नाव सांगून ठेव की पुढच्या वर्षी याला स्वतः जाऊन बोलवायचं.

पैशाचं. खिशातून गुपचूप भरलेस हे मला अजिबात आवडलं नाही, प्रामाणिकपणा आहे मान्य, पण त्याने पुढच्या लीडरला वाटणार की तेवढ्यात भागतं आणि तीही अशीच भरत बसणार. टेम्पोचं भाडं, वडापाव, झेरॉक्स, कापड, खिळे, याची बिलं कोण ठेवतं? तिथेच गेले असतील. जेवढं आठवतंय तेवढं लिही, खाली स्पष्ट लिही की 4,300 चा हिशोब लागला नाही आणि ते मी भरलेत, आणि तुमच्या सरांना दाखव. घरीही सांग, आई दोन दिवस बोलेल, नंतर नाही.

आणि एक वही कर. कॉलेजच्या मंडळाचं वेगळंच असतं बघ, बाहेरच्या हौशी ग्रुपमध्ये तीच माणसं वीस-वीस वर्षं असतात, इथे चार वर्षांत अख्खा संघ बदलतो, म्हणून दर वर्षी तीच धावपळ नव्याने. हॉलची चावी कुणाकडे असते, अटेंडन्सच्या पत्रावर कुणाची सही लागते आणि किती दिवस आधी मागायची, लेव्हल्स कुठून आणल्या, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडून, स्क्रिप्टचं सर्टिफिकेट यायला किती दिवस लागले, सगळं लिही. त्या मेसेजचंही लिही, नाव न घेता, की मी असं केलं आणि एक चांगला मुलगा गमावला.

भेटलीस त्याला की मला कळव. मी वाट बघतेय, खरंच.

प्रश्न : मुलगी यंदा कॉलेजच्या नाट्य मंडळाची प्रमुख होतेय. रात्री अकराच्या आत घरी येणार नाही असं आत्ताच सांगून ठेवलंय. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला तर? नाही म्हणावं का?
– एक पालक, पिंपरी

उत्तर : दादा, नाही म्हणू नका. ती वर्षभर तीस जणांना वेळेवर बोलवायला, भांडणं मिटवायला, पैसे पुरवायला शिकणार आहे आणि हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. अभ्यासाची काळजी मात्र बरोबर आहे, तालमींच्या दिवसांत लेक्चर्स बुडतात, म्हणून 75 टक्के हजेरीचं गणित तिच्याबरोबर आत्ताच, जूनमध्येच मांडा, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर नाही. यायला उशीर होणार असेल तर सोबत कोण आहे ते विचारा, तेवढा हक्क तुमचा आहेच. आणि प्रयोगाला नक्की जा, पण पहिल्या रांगेत बसू नका, स्टेजवरून पहिली रांग दिसते आणि बाबा दिसले की पोरं डायलॉग विसरतात.