काचेवर अंडी दिसली म्हणून लगेच ब्लेड घेऊ नका

तुम्ही विचारलंय की माशांच्या टँकच्या काचेवर पांढरट ठिपके चिकटलेत, आत गप्पी, कोरी (तळाशी फिरणारे मिशांचे छोटे मासे), एंजल मासे आणि मिस्ट्री गोगलगायी आहेत, तर अंडी कोणाची आणि खरवडून टाकू का. खरवडू नका. निदान दोन-तीन दिवस तरी थांबा.

आमच्याकडे असेच ठिपके आले होते, तेव्हा दादा म्हणाला, "गोगलगायीची घाण आहे ती, काढून टाक." मी सकाळी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, कोरीची मादी पोटाखालच्या परांत दोन-तीन अंडी धरून काचेवर यायची, पोट घासून चिकटवायची, परत खाली जायची. त्याला सांगितलं, त्याने हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी भिंग लावलं तर प्रत्येक अंड्यात दोन काळे टिपके, डोळे! संध्याकाळी कॉलेजातून आले तर काच लखलखीत. दाढीच्या ब्लेडने सगळी काढून बेसिनमध्ये. मी त्या रात्री जेवले नाही.

पावसाळ्यात थोडं गार पाणी बदललं आणि कोरीने पुन्हा अंडी घातली. या वेळी मी ती बोटाने हलकेच लोळवून डब्यात घेतली, टँकचंच पाणी, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), दोन थेंब मेथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध). कोरीचं अंडं टणक असतं, बोटाखाली फुटत नाही. पाण्याखाली अंडी घालणाऱ्या बारीक गोगलगायींचं बुळबुळीत जेलीसारखं पसरतं. ओळखायची यापेक्षा सोपी खूण मला माहीत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली, सहा जगली. दादा आजही म्हणतो पहिली गोगलगायीचीच होती. गोगलगायीच्या अंड्यातून मिशा असलेली पिल्लं निघत नाहीत, दादा.

तुमच्या टँकमध्ये गप्पीचा प्रश्नच येत नाही, ती अंडी न घालता थेट पिल्लं देते. मिस्ट्री गोगलगाय पाण्याच्या वर, झाकणाखाली गुलाबीसर घोस लावते. तो पाण्यात बुडवला तर आतली पिल्लं गुदमरून मरतात. एंजलची अंडी पानावर किंवा फिल्टरच्या नळीवर ओळीने असतात आणि आई-बाप तिथेच पंख्यासारखे पर हलवत उभे राहतात. ठिपके सुटे सुटे, काचेवर, पाण्याखाली आणि जवळ कोणीच पहारा देत नसेल तर मी कोरीच म्हणेन.

एक सांगायचं राहिलं. कोरी स्वतःचीच अंडी खातात, एंजल तर नक्कीच खातील, म्हणून वाचवायची असतील तर आजच वेगळी करा. दुधासारखी पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात, त्यांना बुरशी लागते, तेवढी रोज काढा. आणि दोन्ही एंजल माद्या असल्या तरी अंडी घालतात, ती फळत नाहीत.

घरात कोणी ब्लेड घेऊन उभं असेल तर त्याला आधी भिंग द्या.